मेढे ओलांडता येत नाहीत

"यंदा मेढे आपल्या शिवेवरच टाकायचे," रुपरावदादा फोनवर ओरडला. "तू ये."

"कोणत्या शिवेवर?" मी विचारलं.

"आपल्या शिवा किती आहेत गा? एकच आहे. बेलटोल्याची."

"दादा, बेलटोला पाण्यात आहे."

"गाव पाण्यात आहे. शीव नाही," असं म्हणून त्यानं फोन ठेवला.

दादा माझा थोरला भाऊ, सात-आठ वर्षांनी मोठा. ऐंशी ओलांडलेला. तो कधी मला 'ये' म्हणत नाही, 'काहून आला नाही' म्हणतो. त्यामुळे पोळ्याच्या दिवशी सकाळीच मी पिशवी भरली. मुलगा पियूष म्हणाला, "बाबा, उद्याची मारबतीची मिरवणूक पाहायला सगळी दुनिया नागपुरात येते, आणि तुम्ही नागपूर सोडून चाललात?" बरोबरच होतं त्याचं. मला उत्तरं उशिरा सुचतात, बहुतेक वेळा एसटीत बसल्यावर. या वेळी एसटीत बसल्यावरही सुचलं नाही.

मी चाळीस वर्षं नागपुरात आहे. एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी केली, आता मुलाच्या फ्लॅटमध्ये राहतो. फ्लॅटच्या वॉचमनला मी 'खेड्यावरचे काका' आहे आणि गावाकडच्या लोकांना 'नागपूरवाले'. याबद्दल माझी तक्रार नाही. निदान मला दोन पत्ते तरी आहेत. दादाला एकही नाही. सरकारी कागदावर त्याच्या वस्तीचं नाव 'नवीन बेलटोला' असं आहे, पण कुही रस्त्यावरच्या फाट्यावर गाडी थांबते तेव्हा कंडक्टर ओरडतो, "चला, पुनर्वसन, पुनर्वसन!" हातपंप, बाजार, दवाखाना म्हणावं तसं. आजूबाजूची गावं तेवढंही म्हणत नाहीत. ती म्हणतात, बुडीतवाले.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी धरणाचं पाणी वाढलं आणि बेलटोला उठवला गेला. तेव्हा लोकांनी सगळं आणलं. दारं आणली, चौकटी आणल्या, छपरांचे कवेलू आणले. मारुती आणला, माता माय आणली, देवळातली घंटा आणली. एकच गोष्ट आणली नाही, शिवेचा गोटा. गावात शिरायच्या रस्त्यालगत रोवलेला, कमरेएवढा, शेंदूर माखलेला. काही पोरं त्यालाही ट्रकमध्ये घालायला निघाली होती. दादानं त्यांना आडवं होऊन रोखलं.

"शिवेचा गोटा हलवत नसतात. जो हलवते थो दुसऱ्याची जमीन चोरते. आपण चोर आहोत काय?"

पोरांनी हात मागे घेतले. पिढ्यान् पिढ्या हेच ऐकलेलं होतं. त्यामुळे नव्या वस्तीत देव आले, दारं आली, आणि शीव आली नाही. सरळ रेषांचे रस्ते, दोन्ही बाजूंना प्लॉट, आणि प्लॉट संपले की चारी बाजूंना खरबडी गावाची धानाची शेतं. आमच्या शेवटच्या घराची मोरी खरबडीच्या बांधात वाहते.

शीव नसली तर काय बिघडतं, हे पहिल्याच पोळ्याला कळलं.

आमच्याकडे पोळ्याच्या दिवशी प्रत्येक दाराच्या दोन्ही बाजूंना पळसाच्या फांद्या लावतात. त्यांना मेढे म्हणतात. घरातलं सगळं वाईट, आजार, भांडण, नजर, रात्रभर त्या फांद्यांवर येऊन बसतं अशी समजूत आहे. दुसऱ्या दिवशी, मारबतीच्या सकाळी, फांद्या उचलायच्या, "इडा, पिडा, खासी, खोकला, घेऊन जा गे मारबत" असं पिडा नेणाऱ्या मारबतीला ओरडून सांगत गावाबाहेर न्यायच्या आणि शिवेवर उभं राहून पलीकडे फेकायच्या. टाकलेले मेढे माणसानं ओलांडायचे नसतात. आधी गावची गुरं चरायला निघतात, ती त्यांच्यावरून जातात, पळस तुडवतात आणि सगळी पिडा खुरांबरोबर रानात नेतात. मग रस्ता माणसांना मोकळा.

पहिल्या वर्षी लोकांनी मेढे नाल्यापलीकडे फेकले. दुपारपर्यंत खरबडीचे लोक काठ्या घेऊन आले. "तुमची इडापिडा आमच्या धानात? लाज वाटत नाही?" खरं सांगायचं तर त्यांचं चुकलं नव्हतं. पुढच्या वर्षापासून मेढे शाळेमागे जाळू लागले. दादाची बायको, पंचफुलावहिनी, म्हणायची, "जाळून काय होते? धूर परत घरातच येते नं." गेल्या वर्षी काही पोरांनी अंधारात जाऊन खरबडीच्या रस्त्यावर मेढे टाकले. सकाळी दारं उघडली तर प्रत्येक दाराशी फांद्या व्यवस्थित ठेवलेल्या. आमच्या होत्या तेवढ्या, आणि वर त्यांच्याही.

त्या वर्षात वस्तीत जे जे वाईट झालं, एखादं वासरू मेलं, बोअर कोरडी गेली, कोणाचं लग्न मोडलं, ते सगळं त्या फांद्यांच्या खात्यावर गेलं. माझा या गोष्टींवर विश्वास आहे की नाही, हे मला या वयातही ठरवता आलेलं नाही. पण दाराशी परत आलेल्या त्या फांद्यांबद्दल मी ऐकलं तेव्हा मी चहाचा कप अर्धाच टाकून उठलो होतो, आणि ते भीतीनं नव्हे.

मी पोचलो तेव्हा पोळा फुटायची वेळ झाली होती. तोरणाखाली बैलांच्या तीन जोड्या उभ्या. अख्ख्या वस्तीत तीन, त्याही पोळ्यापुरत्या भाड्यानं आणलेल्या. बेलटोल्यात तोरणाखाली बैल मावत नसत. इथं चारायला गायरान नाही म्हणून लोकांनी गुरं विकली. दादाच्या नातवानं, साहिलनं, बैलजोडी विकून छोटा टेम्पो घेतला होता. त्यानं टेम्पोलाच झूल पांघरली होती, आरशांना बेगड लावली होती, आणि वहिनीनं त्याला ओवाळलं, बोनेटला कुंकू लावलं.

"याले पुरणपोळी चारू काय?" वहिनी म्हणाली.

"डिझेल चार, आजी," साहिल म्हणाला.

सगळे हसले. दादा हसला नाही. तो खाटेवर बसून धोतराच्या सोग्यानं चष्मा पुसत होता. त्यानं वस्तीभर सांगून ठेवलं होतं, सगळ्यांचे मेढे सकाळी टेम्पोत आणून टाका, मी नेतो.

"आबाजी, तिथं आता रिसॉर्ट आहे," साहिल म्हणाला. "बोटिंग आहे, तंबू आहेत. गेटवर गार्ड राहते."

"राहू दे."

"थो आत जाऊ देणार नाही."

"आत कोणाले जायचं आहे? शिवेवर उभं राहाचं, मेढे टाकाचे, वापस याचं. गोटा तं आहे नं जागेवर?"

"गोटा आहे," साहिल म्हणाला आणि माझ्याकडे पाहून आरशावरची बेगड सारखी करू लागला. तो आणखी काही सांगणार होता, असं मला वाटलं. मी विचारलं नाही. मी सहसा विचारत नाही.

सकाळी उजाडताच लोक आले. प्रत्येकानं घराच्या चारी कोपऱ्यांना मेढा टेकवून आणला होता. टेम्पोचा हौदा भरत गेला. शाळेतली अंगणवाडीची बाई आली, पिठाच्या गिरणीवाला आला, ज्या घरात गेल्या वर्षी मयत झाली होती त्या घरातली विधवा आली आणि तिनं फांदी टाकताना तोंड फिरवलं. पण टेम्पोत बसायला कोणीच तयार नव्हतं. कोणाच्या पोरांचा लाकडी बैलांचा तान्हा पोळा होता, कोणाची ड्युटी होती. "तुम्ही आहा नं, रुपरावजी," असं म्हणून सगळे घरी गेले. मला त्यांचा राग आला, आणि लगेच वाटलं, मी तरी कुठे राहतो इथे.

दादा आणि वहिनी पुढे बसले. मी मागे, पळसाच्या फांद्यांमध्ये. साऱ्या गावाची इडापिडा आणि मी. पिशवीत एक पुस्तक होतं, ते मी सवयीनं मांडीवर घेतलं होतं. वाचता येण्यासारखं काहीच नव्हतं. पानं तोंडावर येत होती आणि टेम्पो खड्ड्यांतून उडत होता.

बेलटोल्याच्या वळणावर रस्ता एकदम गुळगुळीत झाला. आम्ही राहत होतो तेव्हा तिथं चिखल असायचा. पाटलाची बैलबंडी दरवर्षी रुतायची. आम्ही अर्ज केले, मी स्वतः शुद्ध भाषेत लिहून दिले. गाव बुडाल्यावर डांबर आलं.

टेम्पो थांबला. मी उतरलो आणि गोटा पाहिला.

तो जागेवरच होता. हललेला नव्हता. त्याचा शेंदूर खरवडून काढला होता. त्यावर पांढरा ऑइल पेंट दिला होता आणि पांढऱ्यावर निळ्या रंगात लिहिलं होतं, 'पार्किंग'. खाली एक बाण. गोट्याला लागून तारेचं कुंपण दोन्ही बाजूंना गेलं होतं, शेजारी आडवा दांडा टाकलेलं गेट होतं, आणि गेटच्या आत, उतारावर, जिथं आमचं गाव होतं, तिथं गवताची हिरवीगार लॉन, रंगीत तंबू, आणि मग पाणी. भरलेलं. सपाट. त्यात प्लास्टिकची दोन बदकं तरंगत होती, पायानं चालवायची.

दादा गोट्यापाशी गेला. त्यानं बाणावर हात ठेवला, जसा तापलेल्या माणसाच्या कपाळावर ठेवतात तसा. साहिल दुसरीकडे पाहू लागला. काल त्याला हेच सांगायचं होतं.

"पुसता येईन काय हे?" दादानं विचारलं.

"ऑइल पेंट आहे, आबाजी."

"बरं," दादा म्हणाला. फक्त 'बरं'. मग त्यानं हौद्यातून एक मेढा ओढला, गोट्यापाशी उभा राहिला, हात वर केला, आणि तसाच थांबला. फांदी डोक्यावर, आणि तो फेकत नाही.

"टाका नं," वहिनी म्हणाली. "काहून थांबले?"

"श्रावण," दादा मला म्हणाला, "इकडं ये. मी कुठं उभा आहो?"

"शिवेवर, दादा."

"शिवेच्या कोणत्या अंगाले?"

मी पाहिलं. आणि मला त्याचं म्हणणं कळलं. आयुष्यभर आम्ही गावातून चालत यायचो, गोट्याच्या आतल्या बाजूला उभे राहायचो, पाठीशी गाव, आणि फांदी समोर बाहेर फेकायचो. आज आम्ही बाहेरून आलो होतो. रस्त्यावर उभे होतो. इथून पुढे फेकलेला मेढा तारेपलीकडे पडला असता, म्हणजे बेलटोल्यात. आमच्या घरांवर.

"हे तं आपल्याच गावात पडून राह्यलं," दादा म्हणाला. त्यानं हात खाली घेतला. "आपण बाहेरचे आहो गा. आपण बाहेरून उभे आहो."

पाठ फिरवून मागे रस्त्यावर फेकले असते तर? मी तेही मनात करून पाहिलं. पण तसं नसतं ते. पिडा घरातून निघावी लागते. जो माणूस आत नाही, तो बाहेर काय टाकणार?

"आत जावं लागन," वहिनी म्हणाली. "आत नेऊ, मंग बाहेर काढू."

ती सरळ गेटकडे निघाली. गार्ड केबिनमधून बाहेर आला. तिशीचा असेल, शर्टावर नावाची पट्टी, सुशील. बोलण्यावरून जवळपासच्याच गावचा.

"दहा वाजता उघडते, आजी. तिकीट काढा लागन."

"कशाचं तिकीट?"

"एंट्रीचं. आत कॅफे आहे, बोटिंग आहे."

"माह्यं घर आहे आत."

"हो का? कोणत्या तंबूत?"

त्यानं थट्टेनं विचारलं नव्हतं, त्याला खरंच वाटलं होतं आमचं बुकिंग आहे. म्हणूनच ते जास्त लागलं. वहिनीनं पाण्याकडे बोट केलं. "थे बदक दिसते नं पिवळं? त्याच्या खाली. माह्या लग्नाची चूल आहे तिथं."

सुशीलनं पाण्याकडे पाहिलं, मग टेम्पोतल्या पळसाकडे, मग आमच्याकडे. त्याला कळलं. त्याचा चेहरा उतरला. "बुडीतवाले होय तुम्ही," तो हळू म्हणाला.

"बेलटोलेवाले," दादा म्हणाला.

"काकाजी, माह्यी नोकरी जाईन. सर झोपले आहे आत. दहा वाजता या, मी बिनातिकिटाचं सोडतो तुम्हाले. गुपचूप. मांगच्या बाजूनं."

आता मला सांगता येत नाही की हे नेमकं कशामुळे झालं. त्याचं 'सोडतो' हे असेल. 'गुपचूप' असेल. किंवा तो बाण. मी आयुष्यात कोणाशी भांडलो नाही. ग्रंथालयात पोरं पुस्तकांची पानं फाडायची आणि मी डिंकानं चिकटवायचो. धरणाच्या मोर्चात दादा तुरुंगात गेला, तेव्हा मी निवेदनाचं शुद्धलेखन तपासलं होतं. पण त्या सकाळी माझ्या कानात काहीतरी गरम भरलं आणि मला माझाच आवाज ऐकू आला.

"मागच्या बाजूनं? आमच्या गावात आम्ही मागच्या बाजूनं शिरायचं? गुपचूप? चोर कोण आहे रे इथे? तुझ्या सरांना विचार, हा दगड कोणाचा आहे! विचार त्यांना, यावर बाण कोणी काढला!"

शुद्ध पुस्तकी मराठीत ओरडत होतो मी. साहिल तोंड उघडं टाकून माझ्याकडे पाहत होता. सुशील म्हणाला, "सर, सर, शांत व्हा," आणि माझ्यासारख्या माणसाला 'सर' म्हटल्यानं मी आणखी भडकलो. मी गेटपाशी गेलो. दांड्याच्या एका टोकाला सिमेंटचं वजन होतं. मी त्यावर दोन्ही हातांनी दाबलं, सगळं अंग टाकून. माझा चष्मा पडला. दांडा वर गेला, मला वाटलं होतं त्यापेक्षा फार सोप्यानं.

"चाल साहिल," दादा म्हणाला. "गाडी आत घे."

साहिलनं टेम्पो आत घेतला, लॉनवर वळवला, तोंड रस्त्याकडे केलं. लॉनवर चाकांचे दोन काळे पट्टे उमटले. मी चष्मा उचलला आणि आम्ही चौघं गोट्याच्या आतल्या बाजूला उभे राहिलो. पाठीशी गाव. म्हणजे पाणी. पण बाजू बरोबर होती.

दादानं पहिला मेढा फेकला. तो तारेवरून गेला आणि रस्त्यावर पडला. त्यानं ओरडायचं म्हणून तोंड उघडलं आणि त्याचा आवाज निघेना. तेव्हा मी ओरडलो.

"इडा पिडा घेऊन जा गे मारबत!"

आवाज फाटला. वहिनीनं हौद्यातून फांद्यांचा भारा ओढला, आणि मग आम्ही फेकत सुटलो, दोन हातांनी, दात चावून. साहिल फेकत होता. वहिनी वेचून वेचून फेकत होती, कोणाची कोणती हे तिला ठाऊक असल्यासारखी.

"खासी खोकला घेऊन जा गे मारबत!"

"खरबडीच्या काठ्या घेऊन जा गे मारबत!" हा साहिल.

"कोरडी बोअर घेऊन जा गे मारबत!" वहिनी.

मग दादाचा आवाज मोकळा झाला. "पुनर्वसन घेऊन जा गे मारबत! थे नाव घेऊन जा! थे प्लॉटचे नंबर घेऊन जा!"

"हा बाण घेऊन जा गे मारबत!" मी ओरडलो. "हे डांबर घेऊन जा! ही बदकं घेऊन जा!"

हौदा रिकामा झाला तेव्हा गेटबाहेर रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत पळसाचा ढीग पडला होता. आम्ही चौघं धापा टाकत होतो. दादाच्या दंडावर ओरखडा उठला होता आणि त्यातून रक्त येत होतं, आणि तो हसत होता. ते हसू चांगलं नव्हतं.

तेवढ्यात तंबूकडून एक तरुण पळत आला. हाफ पँट, अंगात रिसॉर्टच्या नावाचा टी-शर्ट, डोळ्यांत झोप. हा मॅनेजर, सौरव. तो पुण्याकडचा असावा. फार सभ्य होता.

"काका, हे काय चाललंय? प्लीज. आज लाँग वीकएंडची गर्दी आहे, अकरा वाजता पाहुणे येणार आहेत. तुम्ही प्लीज बाहेर या, आपण बसून बोलू."

"बाहेर नाही येता येत," दादा म्हणाला.

"म्हणजे?"

"मेढे ओलांडता येत नाही."

सौरवनं सुशीलकडे पाहिलं. सुशील चपला सावरत केबिनच्या आतल्या कोपऱ्यात सरकला होता. "खरं आहे, सर. टाकलेले मेढे माणूस नाही ओलांडत."

"ठीक आहे, तू ते उचल. बाजूला कर."

"मी?" सुशील म्हणाला. "दुसऱ्याच्या गावची इडापिडा? माह्या घरी लेकरू आहे, सर."

"अरे, झाडाच्या फांद्या आहेत त्या!"

"मंग तुम्ही उचला."

सौरव गेटपर्यंत गेला. फांद्यांकडे पाहत उभा राहिला. हिरवी, तीन तीन पानांची, साधी पळसाची डहाळी. त्यानं वाकून हात पुढे केला आणि का कोण जाणे, मागे घेतला. मग खिशातून फोन काढला.

"काका, किती वेळ हा नियम? तास? दोन तास?"

"गुरं येईपर्यंत," दादा म्हणाला आणि लॉनवर बसला. "गावची गुरं वरून गेली का रस्ता मोकळा. आमचं काही म्हणणं नाही."

"कुठे आहेत गुरं? फोन करा, बोलवा."

"विकली."

"का?"

"पुनर्वसनात गायरान नाही. चाराले जागा नाही."

"मग गायरान का नाही?"

दादा त्याच्याकडे पाहत राहिला, डोळे न मिटता. सौरवला उत्तर मिळालं असावं, कारण तो लाल झाला आणि म्हणाला, "हे बघा, त्यात माझा काही संबंध नाही. मी इथे नोकरी करतो."

हे वाक्य मी आधी ऐकलं होतं. नोटीस घेऊन आलेला तलाठी हेच म्हणाला होता, घरं मोजणारा इंजिनियर हेच म्हणाला होता. प्रत्येक जण नोकरी करत होता, आणि गाव बुडालं. हे त्याला सांगावं असं मला वाटलं. पण मी जर बोलायला लागलो तर पुन्हा पुस्तकी बोलेन, ही भीतीही वाटली. मी दादाशेजारी बसलो. गवत ओलं होतं. धोतर भिजलं.

वहिनीनं टेम्पोतून डबा काढला. कालच्या पुरणपोळ्या, वडे आणि कढी. तिनं लॉनवर फडकं पसरलं. "मेढे टाकून आलं का हातपाय धुवा लागते," ती म्हणाली. म्हणून दादा उठला, उतारानं पाण्यापर्यंत गेला, बदकांच्या मधे उभा राहिला आणि त्यानं पाय धुतले. पाणी घोट्यापर्यंत. तो बराच वेळ तिथंच उभा होता. मी त्याला हाक मारली नाही.

साडेदहाच्या सुमारास पहिल्या गाड्या आल्या. ढिगापाशी थांबल्या. पाहुणे नागपूरचेच होते, आजची मारबत टाळून पाण्यावर आलेले. एका गाडीचा ड्रायव्हर खाली उतरला, त्यानं पळस पाहिला, तारीख आठवली, आणि गाडी मागे घेतली. आतली बाई विचारत होती, "काय झालं? क्लोज आहे का?" ड्रायव्हर म्हणाला, "मॅडम, तिथून नाही जाणार मी." दुसरी गाडी तिच्या मागे थांबली, मग तिसरी. बाणानं सांगितलेली पार्किंगची जागा ढीग ओलांडूनच गाठता येत होती. तिथं कोणी गेलं नाही.

माझा फोन वाजला. पियूष. "बाबा, झालं का तुमचं? इथे काय गर्दी आहे म्हणता! संध्याकाळी निघताय ना घरी यायला?"

मी वडा खात होतो. "मी घरीच आहे," असं म्हणणार होतो, पण ते पुस्तकातलं वाक्य वाटलं, म्हणून गिळलं. "निघता येत नाहीये," मी म्हणालो.

"का? बस नाही?"

"गुरं नाहीत."

तो काय म्हणाला ते ऐकू आलं नाही, कारण तेव्हाच पोलिसांची गाडी आली. सौरव हात हलवत धावला. गाडी ढिगापाशी येऊन थांबली. साहेब पुढच्या सीटवरून म्हणाले, "चल, घे पुढं." ड्रायव्हर-शिपाई खाली उतरला. पन्नाशीचा, मिशा पिकलेल्या, कुहीकडचाच असणार. त्यानं रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत पाहिलं. बुटाचं टोक पहिल्या फांदीपाशी आणलं आणि थांबवलं. मग डोकं वर करून आमच्याकडे पाहिलं.

"कोणत्या गावचे मेढे आहे हे?" त्यानं ओरडून विचारलं.

दादानं माझ्याकडे पाहिलं. मी पोळी खाली ठेवली, हात धोतराला पुसले आणि उभा राहिलो. कानात सकाळची ती गरम गोष्ट अजून होती, जराही निवली नव्हती.

"बेलटोल्याचे!" मी ओरडलो. "आणि गुरं आणल्याशिवाय आम्ही हलत नाही!"

शिपायानं बूट मागे घेतला.